कां जे

काशीत दुर्गाघाटावरच्या आमच्या घरी तीन भाषा नांदत: माजघरात मराठी, अध्यापनात संस्कृत आणि दाराबाहेर हिंदी. वडील, म्हणजे आमचे अण्णा, वैयाकरण होते. नागेशभट्टांच्या काशीत आपण कौमुदी शिकवतो, याचा त्यांना सात्त्विक अभिमान होता.

प्रबंध पूर्ण झाल्यावर मी गोव्यात राहून पोर्तुगीज शिकू लागलो. १७७८ मध्ये रोम येथे छापलेले मराठीचे एक व्याकरण त्या भाषेत आहे. ते मला मुळातून वाचायचे होते. सुटीत घरी आलो तेव्हा अण्णांनी एवढेच विचारले, "का रे?" ज्यांनी गोव्यातील देवळे पाडली त्यांची भाषा कशाला, हे सारे त्या दोन अक्षरांत होते. मी निरुत्तर झालो आणि मनातून दुखावलोही.

उत्तर टाळून मी त्यांच्यापुढे शब्दच मांडले: 'कें' म्हणजे कोण, 'के' म्हणजे काय, 'क्वांदु' म्हणजे केव्हा, 'क्वांतु' म्हणजे किती. अण्णा सावरून बसले. संस्कृतचा 'क' आणि लॅटिनचा 'क्व' एकाच प्राचीन मुळाचे, हे त्यांना सांगावे लागले नाही. आपला 'किती' अविकारी, तर त्यांचा 'क्वांतु' लिंगवचनाप्रमाणे बदलतो. उलट आपला 'कसा' बदलतो, तर त्यांचा 'कोमु' तसाच राहतो, हे ऐकून ते प्रसन्न झाले.

"आणि 'का'?"

"'पुर् के'. 'पुर्' म्हणजे साठी. ब्राझीलच्या लेखनात हे दोन शब्द सुटे लिहिले की प्रश्न होतो आणि जोडून लिहिले की 'कारण' असा अर्थ होतो."

अण्णा हसले. "मग हे आपल्या दारातलेच. घाटावरचा नावाडी 'क्यों' विचारतो आणि उत्तर देताना 'क्योंकि' म्हणतो. जुन्या मराठीतले 'कां जे' तरी दुसरे काय? उत्तर प्रश्नाच्या पोटातूनच येते. तुझे आले की सांग."

पुढल्याच वर्षी अण्णा गेले. ते व्याकरण मी नंतर वाचले. मराठी मुलखात जाणाऱ्या मिशनऱ्यांसाठी ते रचलेले होते, धर्मप्रसारासाठीच. तरीही ते वाचताना माझे उत्तर मला सापडले. आज त्या घाटाच्या पायऱ्यांवर बसून ते मी त्यांना मनोमन सांगतो: कां जे, अण्णा, जे आपल्याला शिकवायला निघाले होते, त्यांनाही आधी आपल्यापुढे बसून 'काय' आणि 'कसे' विचारावे लागले होते.