पाळण्यातले पाय

येत्या शुक्रवारी, 27 जून 2025 ला, नॅशनल हॉकी लीग या बर्फावरच्या हॉकीच्या लीगचा ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, आहे आणि पहिल्या फेरीत आमच्या टोरंटोला निवडच नाही. यंदाची निवड दोन वर्षांपूर्वीच शिकागोला देऊन झाली. पुढच्या वर्षीची बॉस्टनला गेली, त्यापुढची फिलाडेल्फियाला. लीगचा चषक आत्ताच हवा या घाईपायी पेरणीचं बियाणं खाऊन टाकावं, तसं झालंय. चषक तर आलाच नाही. 1967 पासून आलेला नाही. यंदाही मे महिन्यात फ्लोरिडानं सातव्या सामन्यात आमच्याच घरी 6-1 असं झोपवलं.

तरी गेले कित्येक दिवस रात्रीची जेवणं आटोपली की मी या मुलांच्या याद्या घेऊन बसतो. ब्रॅम्प्टनला राहायला आल्यापासून हा नाद लागला आणि दर जूनमध्ये तो वाढतच जातो. संघ आपला असो-नसो, सतरा-अठरा वर्षांच्या पोरांचं काय होणार याची उत्सुकता काही सुटत नाही.

ही व्यवस्था तशी साधी आहे. आदल्या मोसमात मागे पडलेल्या संघांना आधी निवडू द्यायचं. मुद्दाम हरण्याचा मोह कुणाला होऊ नये म्हणून 1995 पासून वरच्या क्रमांकांसाठी सोडत काढतात. सात फेऱ्या, बत्तीस संघ, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास मुलं. कुठल्या शहरात जायचं ते मुलगा ठरवत नाही. पहिला ड्राफ्ट 1963 साली मॉन्ट्रियलच्या क्वीन एलिझाबेथ हॉटेलात बंद दाराआड झाला, एकवीस मुलं निवडली गेली आणि पहिला आलेला गॅरी मोनाहन सोळा वर्षांचा होता. आता किमान वय अठरा आहे, तेही त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरपर्यंत पूर्ण व्हायला हवं.

या 15 सप्टेंबरनं किती गोष्टी इकडच्या तिकडे केल्यात! आमच्या ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म 17 सप्टेंबरचा. दोन दिवसांनी हुकला म्हणून त्याला 2016 पर्यंत थांबावं लागलं, आणि त्या वर्षी पहिली निवड टोरंटोची होती. दोन दिवस आधी जन्मला असता तर तो भलत्याच शहरात गेला असता. यंदा न्यूयॉर्क आयलँडर्स पहिल्या क्रमांकावर ज्याला घेणार असं सगळे धरून चाललेत, तो मॅथ्यू शेफर 5 सप्टेंबर 2007 चा. त्या तारखेच्या दहा दिवस अलीकडे. म्हणजे या सबंध यादीतल्या सर्वांत लहान मुलांपैकी एक, आणि तोच सगळ्यांच्या पुढे.

शेफर इथूनच तासाभरावरच्या हॅमिल्टनचा. बचावपटू. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याची आई स्तनाच्या कर्करोगानं गेली. डिसेंबरात ज्युनियर विश्वचषकात गोलपोस्टवर आदळून गळ्याचं हाड मोडलं आणि मोसम संपला. एरी ऑटर्स या ज्युनियर संघाकडून त्याचे लीगचे सामने झाले अवघे सतरा. एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावर तो पहिला कसा, असं विचारणारे भेटतात. त्याला एकदा बर्फावर वळताना पाहावं. अंगावर धावून येणाऱ्या खेळाडूसमोर तो घाई करत नाही, उलट त्यालाच घाईला लावतो. माझं मत स्पष्ट आहे, शेफरच पहिला यायला हवा.

ओकविलच्या मायकल मिसाला तर पंधराव्या वर्षीच असामान्य खेळाडू म्हणून ओंटारिओ लीगमध्ये घेतलं होतं. यंदा त्यानं 134 गुण केले. अशांचे पाय पाळण्यात दिसतात ते खरंच. त्यांच्याबद्दल मी आणखी काय सांगणार?

माझा जीव गुंततो तो जरा खालच्या नावांत. गेल्या वर्षी मिसिसागाचा स्टीलहेड्स हा ज्युनियर संघ आमच्या ब्रॅम्प्टनला हलला आणि हिवाळ्यातल्या संध्याकाळी त्यांच्या रिंकवर जाऊ लागल्या. पोर्टर मार्टोन त्यांचा कप्तान, सव्वासहा फूट उंच, तो पहिल्या दहात जाणार हे उघड आहे. त्याला बघायला संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, यायचे. वरच्या रांगांत एकेकटे बसलेले, मांडीवर वही, कॉफी गार होत चाललेली. पण एका सामन्यात माझी नजर पाहुण्या संघाच्या एका बचावपटूवर खिळली. त्याचं नाव कुठल्याच यादीत ठळक नव्हतं. पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, मागच्या कोपऱ्यात गेला की तो आणायला पाठमोरं जावं लागतं, आणि मागून दोन दांडगे खेळाडू चिरडायला येत असतात. बहुतेक पोरं पकपाशी पोचल्यावर मागे बघतात. हा मुलगा पोचायच्या आधी डाव्या खांद्यावरून बघे, मग उजव्या. स्टिक पकला लागे तेव्हा पुढची पास त्याच्या डोक्यात तयार असे. एकदा तर त्यानं उजवीकडे जायचा नुसता झुकाव दाखवला, दोघंही तिकडे आपटले आणि पक डावीकडून सुटून गेला. टाळी एकही वाजली नाही. गुणतक्त्यात असल्या कामाची नोंद होत नाही.

मोजमापं होतात ती वेगळी. ड्राफ्टच्या आधी मुलांना एकत्र बोलावून सायकलवर दमवतात, श्वास मोजतात, पुलअप्स काढायला लावतात. 2014 साली सॅम बेनेट नावाच्या मुलाला एकही पुलअप जमला नाही आणि त्याची देशभर चर्चा झाली. उत्तर अमेरिकेतल्या खेळाडूंच्या अधिकृत यादीत तोवर तो पहिला होता. चौथ्या क्रमांकावर कॅलगरीनं घेतला, तिथे सात वर्षं तो अपेक्षेइतका फुललाच नाही, मग फ्लोरिडाला गेला. गेल्या मंगळवारी फ्लोरिडानं चषक जिंकला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला तोच. आमच्या गोलकीपरच्या डोक्याला फ्लोरिडाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याचं कोपर लागलं, ते मी विसरणार नाही. पण पंधरा गोल हे पंधरा गोल असतात. अठराव्या वर्षीच्या दंडांवरून अठ्ठाविसाव्या वर्षीचा माणूस कुणी कसा ओळखावा!

ओळखणारे असतात, हेही खरं. डेट्रॉइटचा युरोपातला स्काउट होकन अँडरसन 1997-98 च्या मोसमात रशियात दिमित्री कालिनिन हा बचावपटू पाहायला गेला. त्याला हैराण करणारा एक चणीनं लहान पोरगा समोरच्या संघात होता. अँडरसनच्या मनात तोच भरला. पुन्हा पाहायला निघाला तर बर्फाच्या वादळानं विमान रद्द झालं. त्याच विमानात दुसऱ्या संघाचा स्काउट होता, तोही अडकला आणि पोराला पाहायचं राहून गेलं. आधीच्या दोन ड्राफ्टमध्ये या पोराला कुणी हात लावला नव्हता. 1998 ला डेट्रॉइटनं सहाव्या फेरीत 171 वा म्हणून घेतला. पाव्हेल दात्सुक. दोन चषक, आणि गेल्या वर्षी हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश. पुढच्याच वर्षी त्याच अँडरसनच्या सांगण्यावरून 210 वा घेतलेला झेटरबर्ग डेट्रॉइटचा कप्तान झाला.

त्याच 1998 च्या ड्राफ्टमध्ये सातवा होता मॅनी मल्होत्रा, भारतीय वडिलांचा मुलगा. तो परवाच्या सोमवारी पुन्हा बातमीत आला. तो प्रशिक्षक असलेल्या ॲबट्सफर्डनं खालच्या लीगचा कॅल्डर चषक जिंकला, आणि त्या संघात सरीचा अर्शदीप बैंस होता. बैंसला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. नाव पुकारलं गेलं नाही तरी तो वेस्टर्न लीगमध्ये खेळत राहिला, 2021-22 मध्ये 112 गुणांसह सगळ्यांच्या पुढे गेला, तेव्हा कुठे व्हँकुव्हरनं करार केला. ब्रॅम्प्टनच्या रिंकवर लहान पोरांचे बूट बांधणारे निम्मे बाप पंजाबीत बोलतात. एकानं मला सांगितलं, "भाईसाब, मेरे बेटे को तो मल्होत्रा का नाम नहीं पता, बैंस का पता है।" मला त्या मुलाची निवड फार आवडली.

पुण्याकडच्या माणसाला हॉकी म्हटलं की आधी मैदानावरचा, खडकीचा धनराज पिल्लै आठवतो. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत मोडक्या स्टिकनं खेळलेला. त्याला सतराव्या वर्षी कुणी क्रमांक दिला असता तर कितवा दिला असता, हा प्रश्न दर जूनला माझ्या मनात येतो.

म्हणून टोरंटोच्या लोकांना माझं एकच सांगणं आहे. पुढेमागे पहिल्या फेरीचा मुलगा आपल्याकडे आला, तर 1967 पासूनचा हिशेब त्याच्या खांद्यावर टाकू नका. आपल्याच भागात वाढलेल्या मिच मार्नरला चौथा घेतला तेव्हा आपण तेच केलं. आज तो जाणार की राहणार म्हणून जीव टांगणीला लागला आहे आणि लोक त्याला नको ते बोलताहेत.

पूर्वी एकाच सभागृहात सगळ्या संघांची टेबलं मांडत. यंदा संघ आपापल्या गावी बसून निवडणार, मुलं मात्र लॉस एंजेलिसला. आईला मिठी मारून खाली उतरलेल्या मुलाला संघाच्या टेबलाशी जाऊन सगळ्यांशी हात मिळवायला मिळणार नाही, याचं मला वाईट वाटतं. शनिवारी उरलेल्या सहा फेऱ्या आहेत. तेव्हा नावं भराभर वाचतात, समालोचक दुसऱ्याच गप्पा मारत असतात. पण पुढे नाव काढणारेही याच गर्दीत असतात: 2000 साली 205 वा होता हेन्रिक लुंडक्विस्ट, 2003 साली 205 वा जो पॅव्हेल्स्की. सातव्या फेरीपर्यंत मी टीव्ही बंद करणार नाही. खांद्यावरून दोनदा मागे बघणाऱ्या त्या पोराचं नाव अजून यायचं आहे, आणि आमच्या संघानं त्याला घेतलं तर फारच छान.