लसणाचा वेळ

स्वयंपाकातल्या वस्तूंमध्ये लसूण आकाराने लहान, पण वेळ सर्वांत जास्त खाणारा. एक कांदा चिरला की वाटी भरते. लसणाच्या एका गड्ड्यात मात्र दहा-बारा पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीचं टरफल वेगळं. सोलापूरला आमचं नऊ माणसांचं घर होतं. सालन असो, खिमा असो, खट्टी दाल असो की नुसती शेंगदाण्याची चटणी, लसणावाचून काहीच होत नसे. दोन वेळच्या स्वयंपाकाला रोज तीन गड्डे लागत. बारीक पाकळीचा गावरान लसूण असला तर चार. तो सोलायचा आणि पाट्यावर वाटायचा यात अम्माचा पाऊण तास जाई. हा पाऊण तास कुणाला दिसत नसे. ताटात सालन येई, लसूण त्यात कधीच विरघळून गेलेला असे.

या वेळाचा हिशेब अम्मानेच मांडला. ती चौथीपर्यंत शिकलेली. अब्बा यंत्रमागावर कामाला होते आणि त्यांच्या पगारात महिना पुरा होत नसे. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवण्याचा धंदा मोठा. काज-बटणाचं काम बायकांना घरी मिळे, नगावर मजुरी. एक दिवस अम्मा आपाला म्हणाली, "रोज रोज का लसन सोलना बंद करे तो एक डझन शर्टां हो जाते." तेव्हापासून आमच्या घरी आठवड्यातून दोनदाच लसूण सोलला जाऊ लागला.

तिची पद्धत साधी होती. गड्डे फोडून पाकळ्या मोकळ्या करायच्या, त्यांना तेलाचा हात लावायचा आणि सुपात पसरून दोन-तीन तास उन्हात ठेवायच्या. टरफल कडक झालं की पाकळ्या गोणपाटावर तळहाताने चोळायच्या आणि सूप हातात घेऊन पाखडायच्या. टरफलं उडून जात. ज्या हट्टी पाकळ्या राहत त्या कोमट पाण्यात भिजवून सोलायच्या. सोललेला लसूण सुती फडक्यात, हवेशीर जाळीच्या कपाटात राही. वाटण मात्र ती एका दिवसापुरतंच करी. अख्खे गड्डे दोरीला बांधून सावलीत टांगलेले असत. प्लॅस्टिकच्या पिशवीत लसूण ठेवला की त्याला कोंब फुटतात नाहीतर बुरशी धरते, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्या वाचलेल्या वेळाचे पैसे एका डब्यात साठत गेले. माझ्या डी.एड.ची पहिली फी त्या डब्यातून भरली गेली. मी शिक्षिका झाले त्यात अब्बांच्या मेहनतीइतकाच त्या सुपाचाही वाटा आहे, असं मी मानते.

अम्मा जे हाताने जाणत होती, त्यामागचं शास्त्र मला पुढे वाचनातून कळलं. अख्ख्या पाकळीला उग्र वास नसतो. तिच्यात अॅलिइन नावाचं द्रव्य आणि अॅलिनेज नावाचं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतं. पाकळी ठेचली की ते दोन्ही एकत्र येतात आणि अॅलिसिन तयार होतं. 1944 मध्ये अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या शास्त्रज्ञांनी ते वेगळं करून दाखवलं. अॅलिसिन फार काळ टिकत नाही. म्हणून ताज्या वाटणाचा तिखटपणा शिळ्या वाटणात उरत नाही, आणि म्हणूनच वाटून ठेवण्यापेक्षा सोलून ठेवलेला लसूण चवीला उजवा. कधीकधी साठवलेलं वाटण हिरवं-निळं पडतं. आमच्या मोहल्ल्यात त्याला नजर लागली म्हणत आणि फेकून देत. लसणातल्याच गंधकयुक्त द्रव्यांमुळे तो रंग येतो. त्याने अपाय होत नाही. चीनमध्ये तर व्हिनेगरमध्ये मुरवून मुद्दाम हिरवा केलेला लसूण आवडीने खातात.

खरा अपाय दुसरीकडे आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. वाटणावर तेलाचा थर दिला की ते महिनाभर टिकतं, असं बायका एकमेकींना सांगतात. लसूण मातीत वाढतो. मातीतल्या क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूची बीजं त्याला चिकटलेली असू शकतात. लसणात आंबटपणा नसतो आणि तेलाखाली हवा नसते. या जंतूला नेमकं हेच हवं असतं. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे 36 जणांना विषबाधा झाली होती. अशा लसणाला वास येत नाही, चवही बदलत नाही. आपण वाटण गरम तेलात चांगलं परततो, ही जमेची बाजू. पण रायत्यात, कच्च्या चटणीत ते तसंच जातं. म्हणून तेलातला लसूण फ्रिजबाहेर ठेवू नये. फ्रिजमध्येही वाटण तीन-चार दिवसांत संपवावं. जास्त दिवसांचं असेल तर बर्फाच्या साच्यात घालून गोठवावं. दोन-तीन महिने राहतं, आणि रोज एक-एक वडी काढता येते.

रमजानमध्ये या वड्यांची किंमत कळते. सेहरीसाठी पहाटे तीनला उठणाऱ्या बाईला लसूण सोललेला मिळाला, तर तिची अर्ध्या तासाची झोप वाचते. दिवसभर रोजा ठेवून इफ्तारीची तयारी तीच करते. पूर्वी शाबानच्या अखेरीस आमच्या अंगणात चादर अंथरली जाई. खाला, भाभी, शेजारणी गोल बसून तीन-चार किलो लसूण सोलत. बोटांची आग होई, पण गप्पांत ती विसरायला होई.

घरात मिक्सर आला, मग फ्रिज आला. अम्माला वाटलं, आता वेळ उरेल. घडलं वेगळंच. वाटण तयार असतं म्हटल्यावर घरातल्यांच्या फर्माइशी वाढल्या. जिथे एक सालन होत होतं तिथे दोन झाले. पाहुण्याला जेवूनच जा म्हणणं पुरुषांना सोपं झालं. बाईने वाचवलेला वेळ घराला मोकळा वाटतो आणि घर तो लगेच वापरून टाकतं. देशात 2019 मध्ये पहिलं मोठं वेळ-वापर सर्वेक्षण झालं. घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं देतात आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटं, असं त्यात दिसलं. मुळात घरकामाला हात लावणारे पुरुषच चारात एक. आकडे वाचताना मला अम्माचा पाऊण तास आठवला. तो या 299 मध्ये कुठेतरी होता.

आता बाजारात सोललेला लसूण पाकिटात मिळतो. नोकरी करणाऱ्या बाईने तो घेतला तर तिला नावं ठेवू नयेत. पण तो लसूण कुणीतरी सोललेला असतो. आमच्या गल्लीतल्या दोन घरांत व्यापारी पोतं टाकून जातो. मायलेकी संध्याकाळपर्यंत सोलत बसतात, किलोवर मजुरी मिळते. रसाने त्यांच्या बोटांची सालं निघालेली मी पाहिली आहेत. 2024 मध्ये लसूण किरकोळ बाजारात चारशे रुपये किलोच्या घरात गेला, तेव्हा मी त्यांना विचारलं, मजुरी वाढली का? मुलगी हसली आणि पुन्हा सोलू लागली.

माझ्या घरी रविवारी सकाळी अर्धा किलो लसूण सोलला जातो. नवरा, मुलगा, मुलगी आणि मी, चौघांनी वाटून घ्यायचा, हा नियम आहे. मुलगा सुरुवातीला कुरकुरला, आता त्याचा हात माझ्यापेक्षा वेगात चालतो. वाटण गोठवायचं काम त्याच्याकडेच आहे. रोजची जी पंचवीस-तीस मिनिटं वाचतात, ती मी वाचनाला ठेवली आहेत. त्या वेळात चहा कुणाला हवा असेल तर त्याने स्वतः करून घ्यावा, हे घरात सर्वांना माहीत आहे. मुलीला मी लसूण टिकवण्याच्या साऱ्या युक्त्या शिकवल्या. त्यासोबत हेही सांगितलं की वाचलेल्या वेळाचं काय करायचं, ते आधी ठरवून ठेव. तू ठरवलं नाहीस, तर दुसरं कुणीतरी ठरवेल.