स्वतःचे सोंग पाहताना

नायकाला प्रेक्षागृहात बसवावे आणि त्याच्यासमोर त्याच्याच आयुष्याचे नाटक उभे करावे, ही युक्ती नाट्यवाङ्मयात जुनी आहे. ‘उत्तररामचरिता’च्या सातव्या अंकात भवभूतीने ती योजली, ती करुणाच्या परिपोषासाठी. हीच युक्ती हास्यासाठी योजली, आणि तीही मुलांसाठी म्हणून काढलेल्या एका अमेरिकन अ‍ॅनिमेशन मालिकेत, तर काय घडते याचा दाखला १८ जुलै २००८ रोजी निकेलोडियन वाहिनीवरून प्रसारित झालेल्या एका भागाने पुरविला आहे. ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या मालिकेतील ‘द एम्बर आयलंड प्लेयर्स’ हा तो भाग. त्याविषयी मालिकेच्या चाहत्यांत तेव्हापासून जो वाद चालत आला आहे, तो वरवर पाहता करमणुकीपुरता आहे. परंतु ज्या कथेवर जीव जडला, तिचेच हसे होताना पाहणाऱ्या रसिकाच्या मनात नेमके काय घडते, हा प्रश्न त्या वादाच्या तळाशी आहे. आणि तो साहित्यविचाराचाच प्रश्न आहे.

मायकेल दान्ते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको यांनी निर्मिलेली ही ६१ भागांची मालिका २००५ ते २००८ या काळात प्रसारित झाली. तिच्या तीन पर्वांना ‘ग्रंथ’ म्हटले आहे आणि जल, पृथ्वी व अग्नी अशी नावे दिली आहेत. घाट साहसकथेचा आहे. झुंजी आहेत, पाठलाग आहेत. तथापि या साहसाच्या मुळाशी शोक आहे. अग्निराष्ट्राने शंभर वर्षे चालविलेल्या आक्रमणाच्या काळात अ‍ॅंग हा बारा वर्षांचा मुलगा हिमनगात गोठून राहतो; जागा होतो तेव्हा त्याच्या वायुपंथी समाजाचा संहार होऊन गेलेला असतो. काटाराची आई शत्रूच्या हल्ल्यात मारली गेलेली आहे. अग्निराष्ट्राचा राजपुत्र झुको याच्या डाव्या डोळ्यावरचा भाजल्याचा व्रण प्रत्यक्ष पित्याने दिलेला आहे. प्रेक्षक या मुलांबरोबर तीन वर्षे चालले ते त्यांच्या पराक्रमाच्या कौतुकाने तर खरेच, पण त्याहून अधिक त्यांच्या दुःखाच्या ओढीने.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत भागाची जागा लक्षात घ्यावयास हवी. आदल्या दिवशी, १७ जुलैला दाखविलेल्या भागात काटारा आईच्या मारेकऱ्याचा माग काढते आणि सूडाच्या उंबरठ्यावरून परत फिरते. दुसऱ्या दिवशी, १९ जुलैला, चार भागांचा अखेरचा संग्राम व्हावयाचा आहे. या दोहोंच्या मध्ये निर्मात्यांनी चक्क एक प्रहसन ठेवले. शत्रूच्याच भूमीवरील एका विहारद्वीपावर लपून राहिलेल्या नायकगणाला कळते की, आपल्या पराक्रमांवर बेतलेले एक नाटक तेथील मंडळी करीत आहे. झुकोला ही मंडळी ठाऊक आहे. लहानपणी त्याची आई त्याला त्यांच्या प्रयोगांना नेत असे आणि ते प्रयोग वाईटच असत. तरीही सारे जातात. रंगमंचावर अ‍ॅंगचे काम एक चपळ, खट्याळ स्त्री करते. काटारा क्षणोक्षणी रडते आणि आशेवर व्याख्याने देते. सॉका खादाड आणि नीरस विनोद करणारा. झुको ताठर, रुसलेला. आणि त्याचा व्रण चुकीच्या बाजूला.

चाहत्यांच्या प्रतिक्रिया अनेकविध होत्या. एका वर्गाला हा भाग अस्थानी वाटला. संग्राम तोंडावर आला असता कथानक थांबवून झाल्या गोष्टींची उजळणी कशासाठी, असा त्याचा आक्षेप होता. दुसऱ्या वर्गाला हाच भाग अत्यंत प्रिय झाला, कारण त्यातील थट्टा निष्ठावंत प्रेक्षकालाच पूर्णपणे उमगणारी होती. पहिल्या ग्रंथातील ‘द ग्रेट डिव्हाइड’ हा भाग अनेक चाहत्यांना नावडता. नाटकातील पात्रे त्या दरीवरून न थांबताच पुढे उडून जातात. जेट या पात्राचा मृत्यू मूळ कथेत संदिग्ध ठेवला होता आणि त्यावर चाहत्यांत काथ्याकूट झाला होता. येथे नायकगणच एकमेकांना विचारतो की तो मेला की नाही, आणि ते स्पष्ट झाले नाही असे उत्तर मिळते. आपले कुजबुजणे पडद्यापलीकडे ऐकू गेले होते, या जाणिवेने हा वर्ग सुखावला. तिसरा वर्ग मात्र दुखावला. काटारा आणि झुको यांचे मीलन व्हावे अशी मनोमन इच्छा धरणाऱ्यांचा हा वर्ग. त्यांची ती इच्छा रंगमंचावर बटबटीत प्रणयप्रसंगाच्या रूपाने अवतरली आणि सज्ज्यात बसलेल्या काटारा-झुकोंनीच तिला नाके मुरडली. आपल्या कोमल भावनेला निर्मात्यांनी चारचौघांत उभे केले, असे या रसिकांना वाटले असल्यास नवल नाही.

या प्रतिक्रियांची वर्गवारी करून थांबता येते. पण हे सारे वर्ग त्या भागात आधीच सज्ज्यात येऊन बसलेले आहेत, ही त्यातील खरी गंमत. टॉफ ही आंधळी, लहान चणीची मुलगी. दिसते आहे ते सत्यच आहे, नाटककाराने अभ्यास केला आहे, असे ती इतरांना सुनावते; आणि मग तिचे काम करण्यास एक आडदांड पहिलवान येतो तेव्हा तीच सर्वांत अधिक खूश होते. थट्टेत स्वतःला सोयीचे ते सत्य मानणारा हा प्रेक्षक. अ‍ॅंगला आपला अपमान झाल्यासारखे वाटते आणि तो उठून बाहेर सज्जात जातो. दुखावलेला प्रेक्षक तो हाच. सॉकाची तक्रार वेगळी. आपले हसे झाले याचे त्याला दुःख नाही, विनोद वाईट आहेत याचे आहे. तो रंगपटात शिरून आपले काम करणाऱ्या नटाला चांगले विनोद पुरवितो आणि पुढच्या अंकात ते ऐकून हरखतो. कथा आपल्या हाताने दुरुस्त करू पाहणारा, तिच्या पुढच्या-मागच्या गोष्टी स्वतः लिहून काढणारा चाहता याहून निराळा कोठे असतो?

अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी विघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक आहे. समोर चाललेले माझे आहे अथवा परक्याचे आहे, या निश्चयात मन अडकले की साधारणीकरण होत नाही. सज्ज्यातील मुलांना साधारणीकरण अशक्यच आहे, कारण समोर शब्दशः तीच आहेत. चाहत्याची अवस्था मात्र चमत्कारिक आहे. कथा त्याची नाही. तरीही दीर्घ सहवासाने ती त्याला ‘स्वगत’ झाली आहे. तटस्थ प्रेक्षकाला जे नुसते प्रहसन वाटेल, तेथे चाहत्याचे मन अडखळते. त्याचा राग हे अरसिकतेचे लक्षण मानणे म्हणूनच अन्यायाचे होईल. अतिपरिचयाने आलेली ती हळवी जागा आहे, आणि विडंबनाचे बोट नेमके तेथे पडले आहे.

ही हळवी जागा नाट्याइतकीच जुनी आहे. ‘नाट्यशास्त्रा’तील पहिल्या प्रयोगाची कथा सर्वश्रुत आहे. इंद्रध्वजाच्या उत्सवात देवांच्या विजयाचे आणि दैत्यांच्या पराभवाचे नाट्य सुरू झाले, तेव्हा विरूपाक्षाच्या पुढाकाराने दैत्य आणि विघ्ने क्षुब्ध झाली. नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती त्यांनी जखडून टाकली. त्याच ग्रंथाच्या अखेरीस भरतपुत्र ऋषींची नक्कल करतात आणि ऋषी शाप देतात. एका बाजूस पराभूतांचा क्षोभ, दुसऱ्या बाजूस पूज्यांचा. एवढा मोठा शास्त्रग्रंथ रंगभूमीची कथा प्रेक्षकाच्या रागाने सुरू करतो आणि प्रेक्षकाच्याच रागाने संपवितो, याचा विचार व्हावयास हवा. रंगमंचावर आपणास पाहणारा मनुष्य शांत राहू शकत नाही, हे भरताच्या परंपरेने कधी लपविले नाही.

मध्यंतरातील एक लहानसा प्रसंग या संदर्भात मार्मिक आहे. झुको मार्गिकेत खिन्न बसला आहे. सोंग घेतलेले एक मूल जवळून धावत जाते आणि जाता जाता त्याला सांगते की, तुझा झुकोचा वेश बरा आहे, पण व्रण चुकीच्या बाजूला आहे. झुको संतापतो. नकलेवरून अस्सलाची चूक काढली जाते आणि अस्सलापाशी आपला चेहरा सोडून दुसरा पुरावा नसतो. प्रेक्षक येथे हसतो. हसताहसताच चाहत्याच्या ध्यानात यावे की ते मूल तो स्वतःही आहे. पात्र असे वागणारच नाही, असे निर्मात्याला बजावणारा प्रत्येक जाणकार त्या मुलाच्या वयाचा असतो. मात्र या थट्टेला लागूनच काय ठेवले आहे, हेही पाहावे. काकाला सोडून बहिणीची बाजू घेतल्याचे आपले पाप झुकोने नुकतेच रंगमंचावर पाहिले आहे. टॉफ त्याला सांगते की काका तुझ्याविषयीच बोलत असे, आणि आज तुला पाहून त्याला अभिमान वाटला असता. त्या वाईट नाटकाने एक खरी जखम उघडी केली आणि सज्ज्याबाहेर तिला औषधही मिळाले.

दुखावलेल्या प्रणयवादी चाहत्यांना असे औषध मिळाले काय? येथे निर्मात्यांची बाजू सर्वस्वी निर्दोष ठरविता येत नाही. चाहता आपल्या कल्पनेत काहीही जुळवो, त्याला पडदा उपलब्ध नसतो, निर्मात्याला असतो. ज्याच्या हाती पडदा आहे त्याने ज्याच्या हाती नाही त्याला हसावे, यात बळाची विषमता आहेच. तथापि या भागाने विजयी ठरणाऱ्या जोडीलाही सुख दिलेले नाही. नाटकातील काटारा अ‍ॅंगला धाकटा भाऊ म्हणते. त्याने बेचैन झालेला अ‍ॅंग खऱ्या काटाराला उत्तर विचारतो आणि ती गोंधळलेली असता तिचे चुंबन घेतो. ती रागावून निघून जाते. त्याच्या या उतावळेपणावर पुढे चाहत्यांनी कठोर टीका केली, आणि ती योग्यच होती. परंतु त्याला एकटे, स्वतःवर चिडलेले सोडून भागानेही ती टीका काही अंशी आधीच केली होती. प्रहसनाच्या मध्यभागी हा प्रसंग कोणालाही हसवीत नाही.

आणि मग नाटक वर्तमानकाळाच्या पुढे जाते. ज्या संग्रामाची प्रेक्षक उद्या वाट पाहणार आहे, तो रंगमंचावर आजच घडतो. झुको ज्वाळांत मरतो. अ‍ॅंग अग्निसम्राटाच्या हातून मरतो. आणि प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमते. इतका वेळ त्या प्रेक्षागृहाचे भान कोणालाच नव्हते. हे शत्रुराष्ट्राचे नागरिक आहेत, सहलीला आलेले, बायकामुलांसह, एरव्ही भली माणसे. मुलांच्या मृत्यूवर ती मनापासून आनंदित होतात. घरी बसलेला चाहता, तो भागावर खूश असो वा नाराज, या क्षणी एकाएकी गप्प होतो.

भवभूतीशी तुलना येथेच सार्थ ठरते. गंगातीरी अप्सरांनी केलेला वाल्मीकीचा प्रयोग रामासमोर होतो. राम पुन्हा पुन्हा विसरतो, लक्ष्मण त्याला हे नाटक आहे असे सांगत राहतो, आणि अखेर तो मूर्च्छित पडतो. पण त्या सभेत अयोध्येची प्रजाही बसली आहे, जिच्या प्रवादामुळे सीतेचा त्याग घडला. नाटक तिचे मन पालटते; खरी सीता समोर येते आणि प्रजा तिला नमस्कार करते. भवभूतीचा रंगमंच अपराधी प्रेक्षकाला शुद्ध करतो. एम्बर द्वीपावरील रंगमंच अपराधी प्रेक्षकाला निश्चिंत करतो. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना आधी हास्यास्पद करावे, म्हणजे त्यांच्या मरणावर टाळी वाजविणे सोपे जाते. सबंध भागातील हास्य या टाळीच्या दिशेने चालले होते, हे शेवटीच कळते. विडंबनाची ही दोन टोके अवघ्या अर्ध्या तासात, एकाच नाटकात दाखविणे हे या भागाचे खरे कर्तृत्व आहे. पात्रांना आपल्या उणिवांकडे हसून पाहावयास शिकविणारे हास्य आणि त्यांना माणसांतून उठविणारे हास्य एकाच तोंडातून निघते. फरक पडतो तो कोण कोणाबरोबर बसून हसत आहे याने.

पुढे काळाने चाहत्यांच्या या वादाला एक वेगळाच कौल दिला. २०१० मध्ये एम. नाइट श्यामलन यांचा मालिकेवरील चित्रपट आला. गोऱ्या नटांची निवड, नायकाच्या नावाचा बदललेला उच्चार, विनोदाचा अभाव यांवर चाहते संतापले. आणि आपणही आता सज्ज्यात बसून आपल्या माणसांची भलतीच सोंगे पाहत आहोत, हे त्यांच्या ध्यानी आले. एम्बर द्वीपाच्या मंडळींचे नाव या चित्रपटाच्या संदर्भात थट्टेने घेतले जाऊ लागले. २०२० मध्ये मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि नव्या पिढीने ती सलग पाहिली. ज्यांना उद्याच्या संग्रामासाठी एक दिवसही थांबावयाचे नव्हते, त्यांना हा भाग अडथळ्यासारखा वाटण्याचे कारणच उरले नाही.

नाटक संपल्यावर ती मुले रात्रीच्या अंधारात बाहेर पडतात. प्रयोग वाईट होता यावर सर्वांचे एकमत होते. सॉका तेवढा म्हणतो की त्यातील देखावे बरे होते. एवढ्या अपमानानंतर आणि स्वतःच्या मरणावरील टाळ्या ऐकल्यानंतरही त्याला एक बरी गोष्ट सांगावीशी वाटते, आणि उरलेल्यांनाही त्याच्याबरोबर चालत राहावेसे वाटते. चाहत्यांतील सारे वाद ध्यानात घेऊनही या भागाला परत परत भेट देणाऱ्या रसिकाला कदाचित एवढ्याचसाठी तेथे जावेसे वाटत असेल.