जुन्या छकड्याचा नवा रंग

भंडारा हा तळ्यांचा व भाताचा जिल्हा. भात घरांत आला कीं येथें बैलांच्या शर्यतींचे, म्हणजे शंकरपटाचे, वेध लागतात. २०१४ सालीं आलेली बंदी सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२१ मध्यें सशर्त उठविली. आम्ही त्या बाजूस फिरलों, तेव्हां अंगणाअंगणांत जुने छकडे रंगविले जात होते.

हा रंग केवळ शोभेचा नव्हे. लांकूड पावसांत फुगतें, उन्हांत आकसतें, आणि चाकाचे आरे सैल होतात. रंग ओल अडवितो; पण कुजक्या लांकडावरचा रंग दोष झांकतो, भार पेलीत नाहीं. म्हणून आधीं सुताराकडून भेगा व सांधे तपासून घ्यावे. मग अस्तर, आणि तें वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात द्यावे.

वडील मंडळींनीं एक गोष्ट मात्र अवश्य पाहावी. जुन्या तेलरंगांत शिसें असूं शकतें. भारतांत घरगुती रंगांसाठीं दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा २०१७ पासून लागू झाली. छकड्यावरचे थर बहुधा त्यापूर्वींचे असतात. ते कोरडे घासल्यास विषारी धूळ उडते व मुलांच्या पोटांत जाते. खालीं कापड अंथरून, थर भिजवूनच खरवडावा, आणि मुलांना दूर ठेवावें. छकडा तांबडा असो वा हिरवा, अंगणांतलें लेंकरूं त्याहून मोलाचें आहे.