हृदयविकाराचे रुग्ण कुठे गेले होते?

२०२० सालच्या एप्रिल महिन्यातील एक पहाट. बंगळूरच्या चामराजपेटात एका जुन्या घराच्या पुढच्या खोलीत छोटा छापखाना आहे. तेथे त्या दिवशी लग्नपत्रिकांचे गठ्ठे दोरीने बांधलेले तसेच पडून होते. त्यांवर छापलेले काही मुहूर्त टळून गेले होते आणि पत्रिका न्यायला कोणी आले नव्हते. छापखान्याचे मालक तेव्हा ६९ वर्षांचे होते. घराण्याला बंगळुरात येऊन कित्येक पिढ्या लोटलेल्या. बाजारात कन्नड आणि घरात मराठी, असा त्यांचा व्यवहार. पहाटे साडेचारच्या सुमारास ते छातीतल्या जडपणाने जागे झाले. छातीवर कोणी पाटा ठेवावा तसे ओझे, डाव्या खांद्याकडे सरकणारी कळ आणि कपाळावर गार घाम.

पत्नीने दिवा लावला. चेहरा पाहून ती म्हणाली, "अहो, डॉक्टरांना दाखवून येऊ या का?"

"या दिवसांत दवाखान्यात? पित्त आहे, उतरेल," ते म्हणाले.

त्यांनी जिऱ्याचे पाणी घेतले आणि भिंतीला टेकून बसून राहिले. उजाडेपर्यंत कळ ओसरली, जडपणा मात्र दुपारपर्यंत रेंगाळला. पुण्यातील मुलाचा संध्याकाळी नेहमीप्रमाणे फोन आला, तेव्हा दोघांनीही त्याला काही सांगितले नाही. टाळेबंदीत तो येऊ शकणार नव्हता. मग त्याच्या जिवाला घोर कशाला लावायचा, असा त्यांचा विचार.

त्याच आठवड्यांत जगभरचे हृदयरोगतज्ज्ञ एका कोड्यात पडले होते. अतिदक्षता विभाग कोविडच्या रुग्णांनी भरत होते, पण हृदयविकाराच्या झटक्याने येणाऱ्यांची संख्या एकाएकी घटली होती. इटलीतील हृदय अतिदक्षता विभागांनी १२ ते १९ मार्च २०२० या एका आठवड्याची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्याशी केली. झटक्याचे रुग्ण ४८ टक्क्यांहून अधिक घटले होते. इंग्लंडमध्ये मार्चअखेर ही घट ४० टक्क्यांच्या आसपास होती. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वृत्तपत्रातून जाहीरपणे विचारले, की हृदयविकाराचे झटके गेले तरी कुठे?

या प्रश्नाची दोन उत्तरे संभवत होती. पहिले उत्तर दिलासा देणारे होते: झटकेच खरोखर कमी झाले असतील. ही कल्पना निराधार नव्हती. रस्त्यावरील वाहने थांबली होती आणि हवा स्वच्छ झाली होती. प्रदूषित हवा हृदयाला अपायकारक असते, हे सिद्ध झालेले आहे. सकाळची धावपळ, कचेरीचा ताण आणि बाहेरचे खाणे बंद झाले होते. शिवाय मुखपट्टी आणि अंतर यांमुळे इतर श्वसनरोगांचा फैलावही मंदावला होता. कॅनडातील एका अभ्यासाने २०१८ साली दाखवून दिले होते, की इन्फ्लुएन्झाचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत झटक्याची शक्यता सुमारे सहापट होते. फ्लू कमी तर झटके कमी, हा तर्क त्यामुळे अगदीच टाकाऊ नव्हता.

दुसरे उत्तर अप्रिय होते. झटके येतच होते, पण ज्यांना ते येत होते ती माणसे रुग्णालयात येत नव्हती.

या दोहोंतील खरे कोणते, हे ओळखण्याची रीत साधी आहे. झटकेच कमी झाले असतील, तर सौम्य आणि तीव्र असे दोन्ही प्रकार साधारण सारखेच घटायला हवेत. जे थोडे रुग्ण येतात ते नेहमीच्याच वेळेत यायला हवेत आणि त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाणही नेहमीइतकेच राहायला हवे. प्रत्यक्षात यातील एकही गोष्ट घडली नाही. इटलीत रक्तवाहिनी पूर्ण बंद होऊन येणारे तीव्र झटके २६ टक्क्यांनी घटले, तर ज्यांत वेदना अनेकदा मोघम असते ते झटके ६५ टक्क्यांनी घटले. सहन करता येण्याजोगे दुखणे ज्यांना होते, ते घरी थांबले. तीव्र झटक्याने दाखल झालेल्यांतील मृत्यूंचे प्रमाण आदल्या वर्षी ४.१ टक्के होते, ते १३.७ टक्के झाले. हाँगकाँगमधील एका रुग्णालयात लक्षणे सुरू झाल्यापासून वैद्यकीय मदत मिळेपर्यंतचा मध्य कालावधी आदल्या वर्षी ८२.५ मिनिटे होता, तो ३१८ मिनिटांवर गेला. तो अभ्यास अवघ्या सात रुग्णांचा होता, पण दिशा तीच होती. उत्तर इटलीतील लोम्बार्डीच्या चार प्रांतांत साथीच्या पहिल्या चाळीस दिवसांत रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटना २२९ वरून ३६२ वर गेल्या. यातील बरीच वाढ कोविड झालेल्या किंवा तसा संशय असलेल्या रुग्णांची होती, हे खरे. तरी झटके ओसरल्याची खूण कुठेच दिसत नव्हती.

भारताचा आकडाही पुढे आला. देशातील १८७ रुग्णालयांनी १५ मार्च ते १५ जून या तीन महिन्यांची तुलना केली. २०१९ मध्ये या काळात झटक्याचे २५,४१८ रुग्ण दाखल झाले होते, २०२० मध्ये १६,४१४. म्हणजे घट ३५.४ टक्के. वयस्कर रुग्णांत, मोठ्या शहरांत आणि गर्दीच्या रुग्णालयांत ती अधिक होती. या अभ्यासातील सर्वांत बोलके निरीक्षण मात्र वेगळे आहे. कोविडचे रुग्ण कुठे किती, याच्याशी या घटीचा संबंध फिका होता. टाळेबंदी किती कडक, याच्याशी तो अतिशय घट्ट होता. संपूर्ण एकरूपता म्हणजे १ असे मानले, तर तो ०.९५ इतका भरला. भारतात रुग्णसंख्या अजून थोडी असतानाच माणसे घरी थांबली होती. रोगाच्या आधी बंदी पोहोचली होती, आणि बंदीबरोबर भीती.

या संबंधावरून एकट्याने निर्णय देता येत नाही, कारण कडक टाळेबंदीने हवाही अधिक स्वच्छ केली होती. पण उशिरा आलेल्या आणि दगावलेल्या रुग्णांचे इतर देशांतील आकडे शेजारी ठेवले, की स्वच्छ हवेचा दिलासा फार काळ टिकत नाही.

चामराजपेटातील त्या घरातून हा निष्कर्ष आकड्यांवाचूनही कळण्यासारखा होता. १९०० साली सुरू झालेले व्हिक्टोरिया रुग्णालय तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पिढ्यान्‌पिढ्या या पेठेतील माणसांनी अडीअडचणीला त्याच दिशेने पावले वळवली. त्या वसंतात ते कोविडच्या उपचारांसाठी राखून ठेवले होते. शेजारचा पादरायनपुरा भाग एप्रिलमध्येच सील झाला होता. रस्त्यांवर अडथळे आणि पोलीस होते. वैद्यकीय कारणासाठी जाणाऱ्याला मुभा होती, पण पहाटे पाच वाजता छातीवर हात ठेवून ही मुभा कुणाला समजावून सांगायची? रिक्षा नव्हत्या. नेहमीचे डॉक्टर दवाखाना बंद ठेवून फोनवर सल्ला देत होते. दूरवैद्यकाचे राष्ट्रीय नियम टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्चला, जाहीर झाले होते; पण फोनवरून ईसीजी निघत नाही. आणि साऱ्यांवर कडी म्हणजे मनातील धास्ती: रुग्णालयात गेलो तर रोग घेऊन येऊ, आपल्याला वेगळे ठेवतील, घरावर पाटी लागेल, शेवटी कोणी जवळही येणार नाही.

ही धास्ती नवी नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या काळात घरोघर झडत्या सुरू झाल्या, तेव्हा लोक आजारी माणसाला माळ्यावर, अडगळीत लपवत. प्लेगपेक्षा रोग्यांच्या छावणीचे भय मोठे होते. पुढच्याच वर्षी प्लेग बंगळुरात आला. १८९२ साली आखलेले चामराजपेट तेव्हा अगदी नवे होते, आणि दाटीच्या जुन्या पेठेतून माणसे मोकळ्या वस्त्यांकडे सरकू लागली होती. रोग लपवणे हा अडाणीपणा आहे, असे म्हणून या इतिहासाची बोळवण करता येत नाही. ज्या दारातून आत गेलेला परत येईल की नाही याची खात्री नाही, ते दार माणूस टाळतोच. फरक इतकाच, की प्लेगच्या काळात माणसे प्लेग लपवत होती आणि २०२० मध्ये कोविडच्या भयाने हृदयविकार लपवला गेला.

हृदयविकार मात्र लपून राहत नाही. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली, की साधारण अर्ध्या तासात त्यापलीकडचा स्नायू मरू लागतो. पहिल्या काही तासांत इंजेक्शनाने गुठळी विरघळवता येते किंवा स्टेंट घालून वाहिनी उघडता येते. बारा तास उलटल्यावर वाचवण्याजोगे फार थोडे उरते. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही, त्या जागी व्रण राहतो. कळ थांबली म्हणजे संकट टळले असे नाही. दुखण्याजोगा स्नायूच उरला नाही, असाही तिचा अर्थ असू शकतो.

छापखान्याच्या मालकांना जूनच्या अखेरीस जिन्याच्या चार पायऱ्या चढवेनात. रात्री आडवे झाले की श्वास कोंडे, आणि पावलांवर सूज दिसू लागली. टाळेबंदी सैल झाली होती. शेजारच्या मुलाने त्यांना आपल्या गाडीतून एका रुग्णालयात नेले. इकोच्या पडद्याकडे पाहता पाहता डॉक्टरांनी विचारले, "आजोबा, दोन-तीन महिन्यांपूर्वी कधी छातीत दुखले होते का?" ते काहीच बोलले नाहीत. पत्नीने तारीख सांगितली.

निरोगी हृदयाची डावी कप्पी दर ठोक्याला आतील रक्तापैकी पन्नास टक्क्यांहून अधिक रक्त पुढे ढकलते. त्यांची ३० टक्के ढकलत होती. पुढचा भाग हालचाल न करता नुसता थरथरत होता. गोळ्या सुरू झाल्या, पाणी मोजून पिणे आले, मीठ सुटले. जीव वाचला, पण छपाईयंत्राशी दिवसभर उभे राहणारा माणूस खुर्चीत बसून दुसऱ्याला सूचना देऊ लागला.

१५ मार्च ते १५ जून या तक्त्यात या गृहस्थांची नोंद झटक्याचा रुग्ण म्हणून कुठेच असणार नव्हती. त्या नऊ हजारांच्या तुटीत अशीच किती माणसे असतील, हे तक्ता सांगत नाही. पडवीत, गच्चीवर, देवघरापुढे बसून ज्यांनी 'पित्त आहे' म्हटले, ती सारी माणसे आकड्यांत सुधारणा म्हणून उतरली.

बंगळूरने पुढच्याच वर्षी याची उलटी बाजूही पाहिली. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार वयाच्या ४६ व्या वर्षी हृदयविकाराने गेले आणि नंतरच्या दिवसांत शहरातील जयदेव हृदयविज्ञान संस्थेत तपासणीसाठी झुंबड उडाली. शहराची हृदये एका रात्रीत आजारी पडली नव्हती, जशी टाळेबंदीत ती एका रात्रीत बरी झाली नव्हती. एकदा भीतीने दार रिकामे केले, एकदा भीतीनेच भरले. रुग्णालयाच्या दाराशी मोजली जाणारी संख्या म्हणजे रोगाची संख्या नव्हे; त्यात रस्ता, पैसा, विश्वास आणि धास्ती यांचाही हिशेब मिसळलेला असतो.

पुनीत यांच्या नावाने कर्नाटक सरकारने पुढे जी योजना सुरू केली, तिचा धागा येथे जुळतो. तालुक्याच्या रुग्णालयातच ईसीजी काढायचा, तो दूरच्या तज्ज्ञाने पाहायचा आणि गुठळी विरघळवणारे महाग इंजेक्शन तेथेच मोफत द्यायचे. गोव्यातही याच धर्तीवर काम झाले आहे. रुग्ण मोठ्या दारापर्यंत येत नसेल, तर उपचाराने निम्मी वाट चालून यावे, असा त्यामागील विचार. पुढच्या साथीत टाळेबंदीचे नियम लिहिणाऱ्यांनी पहाटे पाच वाजता छाती धरून बसलेल्या माणसाचाही विचार करायला हवा. कोणते रुग्णालय हृदयासाठी उघडे आहे आणि तेथे नेणारे वाहन कोणते, हे त्याला घरबसल्या ठाऊक असले पाहिजे.

छापखाना पुन्हा सुरू झाला आहे. दाराच्या आतल्या बाजूला, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांशेजारी, एक जाड कागद चिकटवलेला दिसतो. मजकूर मालकांनी स्वतः जुळवून छापला आहे, वर कन्नड आणि खाली मराठी: छातीत ओझे, घाम, हात किंवा जबडा दुखणे, वीस मिनिटांत न थांबल्यास १०८. पित्त समजून वाट पाहू नये.