ट्रॉली घेण्याआधी हुकाचं गणित



हंगाम तोंडावर आलाय. खंडेनवमीला ट्रॅक्टर धुऊन पुजला, की लगेच टोळीची वाट बघायची. यंदा आमच्या घरात स्वतःची ट्रॉली घ्यायची ठरली. ट्रॉली कसली घ्यायची आणि ट्रॅक्टरला हुक कुठं लावायचा, यावर घरात दोन-तीन महिने चर्चा चालली. त्यातून जे ठरलं ते आकड्यांसकट लिहून ठेवतो. कुणाला उपयोग झाला तर बरंच.

आमचा ट्रॅक्टर ४२ एच.पी.चा, टू व्हील ड्राइव्ह. बुटका आणि आखूड. पुढच्या आणि मागच्या धुऱ्यातलं अंतर बरोबर २ मीटर. सरीत वळायला, बांधाकडंला फिरवायला असला गडी चांगला. पण हाच आखूडपणा ट्रॉली जोडली की अंगावर येतो. आम्हा तिघा भावांचा मिळून तीन एकर ऊस, धरा दीडशे टन. कारखाना १४ किलोमीटर. डांबरी रस्त्याचं काही नाही, खरी अडचण रानातून पाणंदीवर निघताना. तिथं दहा फुटाला एक फूट असा चढ, आणि पाणी देऊन दहा दिवस झाले तरी आमचं काळं रान वरनंच सुकतं, खाली मऊच असतं.

थोरल्याचं म्हणणं सरळ होतं. "आप्पा, चार चाकी दोन ट्रॉल्या घेऊ. एका खेपेला बारा-पंधरा टन. आपला ऊस झाला की दुसऱ्याचा ओढू, हप्ता सुटतोय." वय वर्षं चोवीस. ट्रॅक्टर तोच चालवणार. गावात चार जण तसंच करतात, त्यामुळं त्याचं चुकलं असंही म्हणता येत नव्हतं. पण शेजारच्या गावात तीन वर्षांपूर्वी असाच चढ चढताना ट्रॅक्टरचं तोंड उचललं आणि ट्रॅक्टर मागं पालथा झाला. चालवणारा पोरगा आमच्या थोरल्याच्या वर्गातला. त्या घरात अजून कुणी ऊस लावत नाही. म्हणून मी थोरल्याला एवढंच म्हणलं, ओढंल का नाही ते नंतर बघू, आधी पुढच्या चाकावर किती वजन उरतंय ते मोजू.

मोजायला महागडं काही लागत नाही. गावचा वजनकाटा पुरे. मार्चमध्ये हंगाम संपता संपता भावकीतल्या एकाची ऊस भरलेली दोन चाकी ट्रॉली मागून घेतली आणि काट्यावर चार वजनं केली. काट्याच्या आजूबाजूची जमीन प्लेटच्या पातळीत हवी, गाडी न्यूट्रलमध्ये आणि ब्रेक सोडलेला हवा, नाहीतर आकडा खोटा येतो.

पहिलं, नुसता ट्रॅक्टर: २१०० किलो.
दुसरं, ट्रॅक्टरची फक्त पुढची चाकं: ८०० किलो.
तिसरं, ट्रॉली जोडून, पण प्लेटवर फक्त ट्रॅक्टर: ३००० किलो.
चौथं, ट्रॉली जोडून फक्त पुढची चाकं: ४६० किलो.

तिसऱ्यातनं पहिलं वजा करा. ९०० किलो ट्रॉलीनं हुकावर टाकलंय. ट्रॉली मालासकट साधारण ६ टनाची होती. दुसऱ्यातनं चौथं वजा करा. पुढच्या चाकांवरचं ३४० किलो गेलं. कुठं गेलं? हुक मागच्या धुऱ्याच्या मागं ७५ सेंटिमीटरवर आहे. पहारीनं धोंडा उचलतो तसंच हे. मागचा धुरा म्हणजे टेकू, हुक दाबला की तोंड हलकं होणार. हुकावरचं वजन गुणिले हुकाचं धुऱ्यापासूनचं अंतर, भागिले दोन धुऱ्यांतलं अंतर. ९०० गुणिले ०.७५ भागिले २ म्हणजे ३३७. काट्यानं ३४० दाखवलं. दहावीपर्यंतचं गणित इथं पुरतं.

ही झाली सपाटीवर उभ्या गाडीची गोष्ट. चढावर ओढायला लागलं की आणखी दोन गोष्टी होतात. एक, ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन मागं सरकतं. आमच्या चढाला ते धरा ८० किलो. दुसरी जास्त वाईट. ट्रॉली हुकाला मागं ओढते, आणि हुक जमिनीपासून जितका उंच तितकं ते ओढणं ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. ६ टनाची ट्रॉली त्या चढावर आणि मऊ रानात साधारण १ टनानं मागं ओढणार. हुक ६० सेंटिमीटर उंच असला तर १००० गुणिले ०.६ भागिले २, म्हणजे ३०० किलो पुढनं गेले.

आता बेरीज करा. ४६० उरलेले, त्यातनं ३०० आणि ८० गेले. उरले ८० किलो. एक मोठा माणूस बसल्याएवढं वजन, आणि त्यावर स्टेअरिंग चालायचं! त्यात चालवणाऱ्यानं क्लच झटक्यात सोडला, किंवा मागचं चाक खड्ड्यात अडकून राहिलं, की एवढंही उरत नाही. तोंड उचलल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. माणूस क्लच दाबेपर्यंत खेळ संपलेला असतो.

हुकाची उंची हा कळीचा मुद्दा आहे हे मला तिथं पक्कं कळलं. ज्या वर्कशॉपमध्ये आम्ही ट्रॉली सांगायला गेलो, तिथला मिस्त्री म्हणाला, "मालक, वरच्या भोकात हुक लावा, सरीला घासत नाही, ट्रॉली पण सरळ बसती." त्याचं म्हणणं ट्रॉलीपुरतं खरं आहे. ट्रॉलीच्या दांडीचं कडं उंच असलं आणि हुक खाली, तर ट्रॉली पुढं झुकते आणि हुकावरचं वजन आणखी वाढतं. पण त्यावर इलाज दांडी खाली वाकवून घेणं हा आहे, हुक वर नेणं नव्हे. आम्ही दांडी वाकवून कडं ४० सेंटिमीटरवर आणायला लावलं. सरीला घासत नाही, माझ्या रानात मी टेपनं मोजून बघितलंय. हुक मागच्या धुऱ्याच्या मध्याच्या खालीच हवा. आणि काही जण लिफ्टच्या दांड्यांना किंवा टॉप लिंकच्या जागेला साखळी बांधून अडकलेली ट्रॉली ओढतात, ते तर कधीच करू नका.

आता चार चाकी ट्रॉलीचं. तिचं वजन चार चाकांवर असतं, हुकावर जवळजवळ काहीच पडत नाही. म्हणजे तोंड हलकं होण्याचा एक भाग टळला. मग तीच का नाही? कारण मऊ रानात ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना पकड लागते ती वजनानं. दोन चाकी ट्रॉली मागच्या चाकांवर दाब देते, म्हणून तेवढाच ट्रॅक्टर तिच्यासकट बाहेर निघतो. चार चाकीला तो जागेवर चाक फिरवत खड्डा करतो. आणि उतारावर उलटं. २१०० किलोच्या ट्रॅक्टरमागं पंधरा-वीस टन, ट्रॉलीला ब्रेक नाही, सगळा लोंढा मागनं ढकलतोय. ट्रॅक्टर जरा तिरका झाला की ट्रॉली त्याला आडवा पाडते. डबल ट्रॉली ओढायची तर ट्रॅक्टर वजनदार हवा आणि ट्रॉलीला ब्रेक हवेत. आमच्या ट्रॅक्टरचं ते काम नाही.

चार चाकीच्या पुढच्या धुऱ्यावर जे फिरतं ताट असतं, टर्न टेबल म्हणतो आपण, त्यालाच घोडागाडीच्या काळात इंग्रजीत पाचवं चाक म्हणायचे. आडवं ठेवलेलं जादा चाक. हायवेवर कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरच्या घोड्यावर ग्रीस लावलेलं जे लोखंडी ताट दिसतं, त्याला आजही फिफ्थ व्हीलच म्हणतात. अमेरिकेत लोक हेच ताट पिकअपच्या हौद्यात, मागच्या धुऱ्याच्या बरोबर वर किंवा जरा पुढं बसवून राहायची ट्रॉली ओढतात. वजन धुऱ्यावर किंवा पुढं पडतं म्हणून त्यांचं तोंड उचलत नाही. पण ज्यांचा हौदा आखूड आहे त्यांची वेगळी पंचाईत. वळताना ट्रॉलीचा कोपरा केबिनच्या काचेला भिडतो. म्हणून तिथं सरकणारा हुक मिळतो. वळायच्या वेळी मागं सरकवायचा, सरळ रस्त्याला लागलं की परत पुढं. कायमचा मागं का ठेवत नाहीत? कारण मागं नेला की पुढची चाकं हलकी होतात. देश कुठलाही असो, आखूड गाडीला वळायला जागा दिली की पुढचं वजन जातं, आणि वजन राखलं की वळायला जागा उरत नाही.

आपल्याकडं हुक सरकत नाही, म्हणून जागा दांडीत काढायची. भावकीतल्या त्या ट्रॉलीला पिनपासून साट्यापर्यंत अडीच फूट अंतर होतं. पाणंदीच्या कोपऱ्यात टायर साट्याला घासायचा. हिशोब असा. पिनपासून मागच्या टायरच्या बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावा. आमचं ८६ सेंटिमीटर आलं. काटकोनात वळलं की हा कोपरा फिरत साट्यासमोर येतो, म्हणजे तेवढी जागा तर हवीच. त्यात खड्ड्यात ट्रॉली डुलते, ऊस पुढं झुकतो, त्याची भर घाला. आम्ही चार फूट ठेवलं. दांडी पिनपासून तीन फुटांपर्यंत एकेरी सरळ, आणि मग दुबेळकं. पहिल्यापासून दुबेळकं असलं तर टायर त्यालाच अडतो. दांडी लांब केल्यानं ट्रॉली मागं घेताना पण हाताला सोपी जाते.

उरलं हुकावरचं वजन. मिस्त्रीला ट्रॉलीचा धुरा साधारण पाच इंच पुढं घ्यायला लावला, म्हणजे हुकावर ९०० ऐवजी ७०० च्या आसपास पडंल. त्याच्या खाली जायचं नाही. धुरा फार पुढं गेला किंवा टोळीनं मोळ्या मागंच जास्त रचल्या, तर ट्रॉली हुकाला वर उचलते, मागच्या चाकांची पकड जाते आणि रस्त्यावर ट्रॉली शेपूट हलवायला लागते. म्हणून मोळ्या पुढनं मागं सारख्या रचायच्या, आणि टोळीच्या मुकादमाला हे पहिल्याच दिवशी सांगायचं. शिवाय पुढच्या बंपरवर १५० किलोच्या प्लेटा लावल्या. त्या पुढच्या धुऱ्याच्याही पुढं असल्यानं चाकांवर १९० किलोच्या वर पडतात.

आता परत तोच चढ. ८०० मधनं हुकाच्या ७०० किलोचे २६० गेले. हुक ४० सेंटिमीटरवर, म्हणून ओढण्याचे २०० गेले. चढाचे ८० गेले. प्लेटांचे १९० आले. उरले ४५०. ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असावा असं जाणकार सांगतात. आमचा पाचवा हिस्सा ४२० होतो. बसलं. हुकावर आणि टायरवर किती वजन चालतं ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतं, तेही बघून घेतलं.

याची किंमत आहे, ती लपवत नाही. एका खेपेला साडेचार टन, म्हणजे दीडशे टनाला ३३-३४ खेपा. डबल ट्रॉलीवाला दहा-अकरा खेपांत मोकळा होईल. कारखान्यावर नंबर लागला की आमच्या रात्री जाणार. थोरला आकडे बघून गप्प बसला, पण नाराज आहेच. त्याच्याशी ठरवलंय, पुढच्या वर्षी अशीच दुसरी दोन चाकी ट्रॉली घ्यायची. एक टोळी भरत राहील, दुसरी वाटेवर. त्यासाठी दांडीला जॅक आत्ताच बसवून घेतलाय.

बाकीची कामं छोटी आहेत पण सोडू नका. पिनला मधे खाच पडली असली तर बदला, पिनला खालनं लिंच पिन आणि सोबत साखळी पाहिजेच. रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पॅडल एकत्र अडकवा. उतार ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करू नका. मागं रिफ्लेक्टर लावा, रात्री ऊस दिसत नाही.

मी थोरल्याला चढावरचा आकडा खडूनं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लिहून दिलाय: ४५०. ट्रॉली आली की काट्यावर नेऊन परत चार वजनं करणार, आणि आकडा कमी आला तर प्लेटा वाढवणार. तुमच्या ट्रॅक्टरचे आकडे वेगळे येतील, माझे घेऊ नका. काट्यावर एका वजनाला जे पैसे लागतात ते चार वेळा द्या आणि टोळी यायच्या आधी मोजून घ्या.