चिंचपाडा ते क्वालालंपूर, आत्यामार्गे

आमच्या घरात एकट्याने प्रवासाला जायचं म्हणजे जाणारा एक आणि तयारीला आठ. चिंचपाड्याच्या स्टेशनरस्त्यावरच्या त्या घरात आम्ही चुलत-आते भावंडं वाढलो आणि आमच्यातल्या प्रत्येकाचा पहिला स्वतंत्र प्रवास सुरतेचाच. धुळे हे सरकारी कामाचं, म्हणजे वडीलधाऱ्यांबरोबर जायचं गाव. आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ला. सुरतेची पॅसेंजर मात्र घराजवळूनच जायची. त्यामुळे सोळावं लागलं की पोराला सुरतेला एकट्याने पाठवून बघायचं, असा नानांचा शिरस्ता. पोरींना अठरावं. आत्याचा याला कायम विरोध. तिचं म्हणणं, पोरींना आधी पाठवा. त्या वाट विचारतात, पोरं लाजतात आणि भलतीकडे जातात.

तयारी आठवडाभर चाले. काकू आतल्या चड्डीला चोरखिसा शिवायच्या. नाना पैसे तीन ठिकाणी विभागून द्यायचे आणि ते कुठे कुठे आहेत हे आमच्याकडून पाठ म्हणून घ्यायचे. १५ पैशांचं पोस्टकार्ड घरूनच लिहून मिळायचं: ‘सुखरूप पोचलो. काळजी नसावी.’ खाली आपली सही, वर घरचा पत्ता. सुरतेत उतरल्यावर फक्त पेटीत टाकायचं. बहुतेक वेळा आम्ही परत यायचो आणि पोस्टकार्ड आमच्यानंतर पोचायचं. नाना तरीही ते मोठ्याने वाचून दाखवत.

मार्ग तेव्हा एकेरी होता. क्रॉसिंगसाठी गाडी कुठेही थांबे आणि कितीही वेळ थांबे, म्हणून भाकऱ्या दोन वेळच्या बांधून दिलेल्या. डब्यात चढलं की नंदुरबारकडून आलेला कुणी अहिराणीत विचारी, ‘कथा जाई ऱ्हायना रे भो?’ पुढच्या बाकावर मावची आणि कोकणी चाललेली असे. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीटखिडकी आपल्याकडे आणि स्टेशनमास्तर तिकडे. तिथून पुढे तोच प्रश्न ‘क्यां चाल्या?’ होऊन येई. व्यारा, बार्डोली येईस्तोवर आम्ही गुजरातीत उत्तरं देत असू आणि आपण भाषा बदलली हे कुणाच्या ध्यानातही येत नसे.

गावातल्या मिशनच्या दवाखान्याचं वेगळंच. १९४२पासूनच्या त्या दवाखान्यात नर्स आणि डॉक्टर कुठून कुठून यायचे. केरळच्या एका सिस्टरचं आणि आत्याचं मेतकूट होतं. सिस्टर पितळी सोऱ्यातून तांदळाच्या शेवया पाडून वाफवायच्या, वर ओलं खोबरं आणि साखर. बदल्यात आत्या त्यांना नागलीचे पापड द्यायची. दोघींची भाषा कोणती होती हे आम्हांला शेवटपर्यंत कळलं नाही, पण तासन् तास बोलत असत. बहुविध संस्कृती वगैरे शब्द नंतर कॉलेजात कानावर आले, तेव्हा आम्हांला त्यात शिकण्यासारखं फारसं काही सापडलं नाही.

हे सगळं वर आलं ते मोठ्या दादाच्या लेकीमुळे. ती पुण्यात नोकरी करते आणि तिनं जाहीर केलं, की जानेवारीत मलेशियाला एकटी जाणार. टूर कंपनी नको, कुणी सोबत नको. आम्ही भावंडं आता नाशिक, सुरत, वापी अशी पांगलोय, पण बातमी व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पडली आणि तासाभरात घर पुन्हा भरलं. पासपोर्टपासूनच सुरुवात. पोरगी १९९७ची, जन्मदाखल्यावर जिल्हा धुळे, आधारवर नंदुरबार. मग जिल्हा विभाजनाची तारीख कुणी शोधून द्यायची, अर्जात जन्माचं ठिकाण काय लिहायचं, यावर दोन दिवस चर्चा. तिनं ते सगळं आधीच उरकलेलं होतं, पण चर्चा मोडली नाही. मोठ्यांना तेवढं द्यावं लागतं, हे तिला कळतं.

व्हिसाचा प्रश्न सुटलेलाच. १ डिसेंबर २०२३पासून मलेशियात भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत एक डिजिटल अर्ज भरायचा, तोही फुकट. पासपोर्टची मुदत सहा महिने उरलेली हवी, परतीचं तिकीट हवं. काकांना हे इतकं सोपं पटेना. सातवीपर्यंत शिकलेल्या आत्याचा पासपोर्ट काढला असता तर त्यावर ‘ईसीआर’चा शिक्का बसला असता, आणि त्या शिक्क्यावर जायला सरकारी परवानगी लागते अशा अठरा देशांच्या यादीत मलेशिया आहे, ही माहिती त्यांनी तीनदा टाकली. तो नियम नोकरीसाठी जाणाऱ्यांना आहे हे सांगितल्यावर म्हणाले, ‘माहीत असलेलं बरं.’

नानांचे प्रश्न मात्र जसेच्या तसे. तिथं आपलं कोण? रात्रीची पोचणार का? उतरणार कुठे? तिनं ब्रिकफील्ड्स नावाच्या, तमिळ वस्तीच्या भागात खोली घेतली होती. केएल सेंट्रल या मोठ्या स्टेशनाला लागूनच. स्टेशन म्हटल्यावर नाना निवळले. मग विमानतळावरून गाडीचं भाडं विचारलं. एक्सप्रेस अठ्ठावीस मिनिटांत पोचवते, पंचावन्न रिंगिट, म्हणजे हजाराच्या वर रुपये. ‘पॅसेंजर नाही?’ आहे, मधली स्टेशनं घेत जाते. पण भाडं तेवढंच. थांबत जाणाऱ्या गाडीला एक्सप्रेसचं भाडं, हे नानांना अजून पचलेलं नाही. शेवटी बस ठरली.

बाकी आखणी झरझर झाली. जानेवारीत पूर्व किनाऱ्यावर पावसाळा असतो, तिकडची बेटं वगळली. पश्चिमेला पेनांग ठेवलं. पेनांगच्या जॉर्ज टाऊनमध्ये एकाच रस्त्यावर चर्च, चिनी देऊळ, मारिअम्मनचं देऊळ आणि कपितान केलिंग मशीद ओळीनं आहेत. तिनं फोटो टाकले. आमच्या ग्रुपवर कुणालाच विशेष वाटलं नाही. खळबळ उडवली ती दुसऱ्याच फोटोनं. रस्त्याकडेला विकायला ठेवलेल्या तांदळाच्या शेवया, वर खोबरं आणि गूळ. तिथं त्याला पुटु मायम म्हणतात. आत्यानं पाहताक्षणी सिस्टरचं नाव घेतलं. मलेशिया तिच्या हिशेबी त्या मिनिटाला पक्का झाला.

आणि मग बाटू गुहा आडव्या आल्या. क्वालालंपूरजवळ चुनखडीच्या डोंगरातलं मुरुगनचं देऊळ, २७२ पायऱ्या. मुरुगन म्हणजे कोण? कार्तिकस्वामी. आत्या थांबलीच. कार्तिकस्वामीचं दर्शन बायकांनी घ्यायचं नसतं, घेतलंच तर कार्तिकी पौर्णिमेला, कृत्तिका नक्षत्र असताना. लेकीनं समजावलं, की थैपुसमच्या सणाला तिथं तमिळ बायका डोक्यावर दुधाचे कलश घेऊन चढतात, देव काही रागावत नाही. आत्याचं म्हणणं, तो त्यांचा देव, त्यांचं त्यांच्याशी काय ठरलंय ते आपल्याला काय ठाऊक. काकूंनी तोडगा काढला: पायऱ्या चढू नकोस, खालूनच परत ये.

लेकीनं फोटो पाठवला. पायऱ्यांच्या तोंडाशीच, उघड्यावर, २००६ साली उभारलेला १४० फुटी सोनेरी मुरुगन. शेजारीच रेल्वे स्टेशन.

‘हा तर गाडीतून उतरतानाच दिसत असेल,’ आत्या म्हणाली. ‘मग असं कर. तू बघू नको. त्यानं तुला बघितलं तर त्याला आपला इलाज नाही.’